खुमाबाबाची हाक

आमच्या घरातली भाकरसुद्धा अत्तराची लागायची. कोणाला सांगितलं तर वाटेल, वा, काय थाट आहे. पण दोन्ही वेळेला अत्तराची भाकर खाऊन बघा म्हणजे कळेल. नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, रोशाची भट्टी होती. रोशा हे सातपुड्याच्या उतारांवर आपोआप उगवणारं गवत. माणसाच्या छातीएवढं वाढतं, दसऱ्याच्या आसपास त्याला तांबूस तुरे येतात, आणि तुरा बोटांत चुरडला की गुलाब आणि लिंबू मिसळल्यासारखा वास येतो. ते गवत उकळून त्याचं तेल काढायचं, हा आमचा धंदा. तो वास नानांच्या धोतरात, मायच्या पदरात, गोधड्यांत, पिठाच्या डब्यात, सगळीकडे जाऊन बसलेला. शिरपूरच्या शाळेत मी वर्गात शिरलो की पोरं नाक वर करून म्हणायची, नवरदेव आला रे.

मी काही ऐकून घेणाऱ्यातला नव्हतो. जो चिडवेल त्याच्या बापाचा आवाज काढायचा, की झालं. आवाज काढणं मला कोणी शिकवलं नाही. गणिताचे मास्तर तपकीर ओढून "समजा" म्हणायचे ते, एसटीचा कंडक्टर पहाटे घोगऱ्या आवाजात गावांची नावं घ्यायचा ते, जंगल खात्याचा नाकेदार यायच्या आधी त्याचा खोकला यायचा तो. हा खोकला मी एकदा दाराआडून काढला, तर माझ्या मायने सरपणाची मोळी पदराने झाकली. मग मला बघून तिने लाटणं फेकलं, आणि लाटणं उचलायला वाकली तिथेच हसत बसली. म्हणाली, "तुना घसामा देव बठेल शे का भूत, माले काई समजत नही." सगळं गाव मला राघू म्हणायचं. माझं खरं नाव हजेरीपटावर होतं, तेवढंच.

आमचं उंबरझिरे गाव शिरपूरच्या वर, डोंगर सुरू होतो तिथे. भट्टी त्याहून वर, गावापासून तासाभराच्या चालीवर, एका बारमाही नाल्याच्या काठाला. दगडांच्या चुलाणावर मोठी तांब्याची देग. तिच्यात गवत पायाने तुडवून दाबायचं, पाणी घालायचं, वर झाकण ठेवायचं आणि झाकणाची फट उडदाच्या पिठाने लिंपायची. झाकणातून बांबूची नळी निघायची ती थेट नाल्याच्या गार पाण्यात ठेवलेल्या भांड्यात. वाफ त्या भांड्यात उतरायची, थंड व्हायची, आणि पाण्यावर पिवळं तेल तरंगायचं. नाना ते पळीने इतकं हळू काढायचे की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. उडीद दळायचं काम मायचं. कळण्याच्या भाकरीला उडीद लागतात, तेच देगीलाही लागायचे. जात्यावर बसली की ती म्हणायची, आधी थोरल्या लेकाचं पोट भरते, मग तुमचं. थोरला लेक म्हणजे देग. दुपारी ती भाकर, खुरासणीची चटणी आणि भाजलेल्या वांग्याचं भरीत घेऊन मी वर जायचो, आणि भट्टीवर सगळ्यांत भाकर वाटली जायची. तिखट खाऊन नाक गळायला लागलं की तेवढ्यापुरता रोशाचा वास जायचा. मला वाटतं मला अजूनही तिखट लागतं ते त्यामुळेच.

त्या डोंगराचं वर्ष कॅलेंडरवर चालत नव्हतं. उन्हाळा लागला की मोहाची फुलं, मग चारोळी, मग विड्यांसाठी टेमरूची पानं. थंडीत धावड्याचा डिंक. आणि दिवाळी झाली की रोशा. वरच्या पाड्यातले पावरे लोक घरची सगळी माणसं घेऊन उतारावर यायचे, विळ्याने गवत कापायचे, तिथेच त्याच्या गंज्या रचायचे आणि मग भारे करून डोक्यावरून खाली भट्टीपर्यंत आणायचे. वर्षाचं मीठ, लुगडी, लोखंड हे बहुतेक या दोन महिन्यांतून निघायचं. त्यांचं आणि आमचंही. धुळ्याचा शेठ पौषात यायचा, मनगटावर तेलाचा थेंब चोळायचा, डोळे मिटून हुंगायचा, मग चहा पिऊन परत हुंगायचा. त्याचं ते हुंगणं मला येत होतं. शेठ म्हणायचा, हे तेल मुंबईला जातं आणि तिथून बोटीने साता समुद्रापार. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. आमच्या दृष्टीने साता समुद्रापारच्या लोकांच्या भाकरी आता बिघडणार होत्या, एवढंच.

पाड्याच्या माणसांचा मुकादम म्हणा, कारभारी म्हणा, खुमाबाबा होता. हडकुळा, कमरेला पंचा, कानात चांदीच्या बाळ्या. नानांपेक्षा वीसेक वर्षांनी मोठा, पण नानांना नानाच म्हणायचा. मला त्याने मधाचं पोळं कसं धुरवायचं ते शिकवलं, धावड्याला कुठे खाच द्यायची ते शिकवलं, आणि मी नाकेदारासारखा खोकलो की पोट धरून हसणारा तो पहिला माणूस असायचा. एवढ्या वाळक्या माणसाची हाक मात्र ऐकण्यासारखी होती. बाईच्या आवाजासारखी बारीक, उंच, आणि खोऱ्याच्या त्या टोकापर्यंत न फाटता जाणारी. जाड आवाज डोंगरात विरतो, बारीक आवाज पोचतो, असं तो म्हणायचा. त्याच्या हाका दोन. एक दुपारची, भाकरी खायला खाली या म्हणून, आखूड आणि शेवटी वर उचललेली. आणि दुसरी लांब, पायऱ्या उतरल्यासारखी तीन वेळा खाली येणारी. ती हंगामात एका उताराला एकदाच मारायची. तिचा अर्थ, उतार रिकामा झाला, पेटवा.

कारण रोशाचं असं होतं की गवत कापून झाल्यावर बुडखे जाळले तर पुढच्या वर्षी दाट येतो. जाळायचं वरून. डोंगराच्या धारेवर, म्हणजे माथ्यावर, आग लावली की ती वाऱ्याविरुद्ध हळूहळू खाली सरकते, झाडांना फार धग लागत नाही. पण धारेवर उभ्या असलेल्या माणसाला मधल्या टेकाडामुळे खालच्या गंज्या दिसत नाहीत. शेवटचा भारा खाली आला की नाही हे फक्त नाल्याजवळच्या माणसाला कळणार. म्हणून हाक खुमाबाबाची. आणि तिला उलट हाक द्यायची नाही, विचारायचं नाही, असा रिवाज होता. धूर हेच उत्तर. इतक्या वर्षांत ती हाक एकदाही चुकली नव्हती, असं मला वाटतं. चुकली असती तर माझ्या कानावर आलं असतं.

मी आठवीत होतो. त्या वर्षी गवत मातलं होतं. नानांनी धुळ्याहून बैलगाडीत घालून दुसरी देग आणली होती, नवी, लालभडक. मायने तिला हळदकुंकू वाहिलं आणि मला म्हणाली, तुला आणखी एक भाऊ झाला. नाताळची सुट्टी लागल्यावर मी मुक्कामालाच भट्टीवर गेलो. पहिल्या चार दिवसांतच मी दुपारची हाक काढून दाखवली. खुमाबाबा नाल्यात हात धूत होता. मी खडकाआडून हाक दिली आणि उतारावरची सगळी माणसं, बाया, पोरं विळे टाकून तास आधीच भाकरीला खाली आली. खुमाबाबा हात ओले धरून बघतच राहिला. मग मला बाहेर ओढलं. नाना हसले, बाया हसल्या, आणि खुमाबाबाने मला सगळ्यांपुढे परत ती हाक मारायला लावली आणि डोळे पुसले हसून हसून. म्हणाला, आता मी मेलो तरी चालेल, भाकरीचं काही अडणार नाही.

कोणी एक कानाखाली दिली असती तर.

त्यानंतर चारेक दिवसांनी. थोरला उतार कापून झाला होता. हंगामातलं सगळ्यात चांगलं गवत त्या उतारावर असायचं, आणि दोन्ही देगी अखंड चालवूनही गंज्या निम्म्यासुद्धा खाली आल्या नव्हत्या. नाना गावात उडदाचं पीठ आणायला गेले होते. जेवणं झाली होती आणि माणसं नाल्याकाठी सावलीला पांगली होती. खुमाबाबा जांभळाखाली आडवा झाला होता, तोंडावर फडकं घेऊन. वर धारेवर त्याचा जावई भाया आणि दोन माणसं शेजारचा लहान उतार जाळून तिथेच टेकली होती. मी खडकावर बसून होतो आणि मला कंटाळा आला होता. खरं कारण एवढंच आहे. पुष्कळ वर्षं मी त्याला दुसरी कारणं चिकटवून बघितली, ती चिकटली नाहीत. मला वाटलं, लांब हाक काढावी. भाया ओरडून विचारील, अरे बाबा, गंज्या आहेत ना अजून. खुमाबाबा दचकून उठेल. आपल्याच आवाजाचं उत्तर त्याला द्यावं लागेल. आणि मग सगळे त्या दिवशीसारखे हसतील.

हाक इतकी बरोबर निघाली की मला स्वतःलाच काटा आला. तीन पायऱ्या, न फाटता. मी वाट बघत बसलो की आता भाया विचारील. पण विचारायचं नाही हा रिवाज होता, आणि तो मला माहीत होता, आणि तरी मी वाट बघत बसलो. मग धारेवर धुराची एक बारीक रेघ दिसली. तिच्याशेजारी दुसरी.

मी ओरडलो. माझ्या आवाजात ओरडलो. त्या आवाजाला खोऱ्यात कोणी ओळखत नव्हतं.

वाळलेल्या गंजीला आग लागली की ती जळत नाही, ती उडते. एका गंजीवरून दुसरीवर. बाया ओल्या फांद्या घेऊन धावल्या, खुमाबाबा धावला, मीही धावलो, पापण्या भाजून घेतल्या, आणि संध्याकाळपर्यंत उतारावर काळी वर्तुळं राहिली, जिथे जिथे गंजी होती तिथे एकेक. त्याच्या पलीकडची सागाची रांगही धरली होती. आणि वास. सगळं खोरं त्या वासाने भरून गेलं. गुलाबाचा, लिंबाचा, आणि त्याखाली जळल्याचा. मायने नंतर सांगितलं, दिवेलागणीला तो वास गावापर्यंत आला, तेव्हा ती ओट्यावर येऊन शेजारणीला म्हणाली होती की आज भट्टी चांगली लागलेली दिसते.

नाना अंधारायच्या आत वर आले. पिठाचं गाठोडं त्यांनी खांद्यावरून खाली ठेवलंच नाही. त्यांनी भायाला विचारलं, कोणी सांगितलं पेटवायला. भायाचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. तो म्हणाला, "बाबानी हाक मारी. बठ्ठासनी आयकी, नाना. इचारा कोनले बी." आणि सगळ्यांनी माना हलवल्या. खोटं कोण बोलत होतं. सगळ्यांनी ऐकलीच होती. नाना खुमाबाबाकडे वळले. खुमाबाबाने सगळ्यांच्या तोंडांकडे एकेक करून बघितलं. माझ्याकडेही बघितलं, पण मी आपला बघायच्या रांगेतला एक. मग तो खाली बसला आणि म्हणाला, "मारी व्हई. झोपमा मारी व्हई मी."

तेव्हा बोलायचं होतं. माझ्या तोंडात तोवर सगळ्या गावाचे आवाज होते, आणि त्या घटकेला एकही निघाला नाही. मी उद्यावर ढकललं. उद्या नाकेदार आला. साग जळला होता, त्याला कागद करायचा होता आणि कागदावर एक नाव पाहिजे होतं. खुमाबाबाने अंगठा दिला. कोर्टाच्या तारखांना तो दोनदा शिरपूरपर्यंत पायी गेला, नाना त्याच्याबरोबर गेले. नाना त्याला एक शब्दही लावून बोलले नाहीत. फक्त एके रात्री मायला म्हणाले, त्याची चूक नाही, म्हातारा माणूस, मीच समजायला पाहिजे होतं. मी गोधडीत जागा होतो. गोधडीला तोच वास.

पुढच्या वर्षी जंगल खात्याकडून उताराचा ठेका मिळाला नाही. नवी देग गेली, मग जुनीही गेली. ती गाडीत चढवताना माय घरात निघून गेली. नाना शिरपूरच्या जिनिंगमध्ये लागले, आणि संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या मिशांत कापूस असायचा. भाकरीचा वास गेला. मला तो नकोसा होता ना, तो गेला. आमचीच भट्टी बुडाली असं नाही, हळूहळू सगळ्याच गेल्या. शेठ म्हणे मुंबईला तसाच वास आता बाटलीत तयार होतो, गवत लागत नाही. म्हणजे ती आग नसती तरी आणखी पाच-सात वर्षंच. हे मी स्वतःला अनेकदा सांगितलं आहे. त्या उतारावर आता खात्याचा फलक आहे आणि खाली केळीच्या बागा थेट नाल्यापर्यंत चढल्या आहेत. पाड्यातली तरणी माणसं दिवाळी झाली की ट्रकमध्ये बसून गुजरातेत ऊस तोडायला जातात. मोह अजून वेचतात. रोशा कुठे कुठे कडेला उगवतो, शेळ्या खातात. इथे धुळ्यात माझी नातवंडं मला म्हणतात, आजोबा, तुम्ही म्हणे आवाज काढायचे. मी म्हणतो, तुमची आजी काहीही सांगते.

सांगायला मला तीन वर्षं लागली. अकरावीत होतो, मॅट्रिकचं वर्ष, आणि दुष्काळ पडला होता. डोंगरातही काही उरलं नव्हतं, मोहही गळाला नाही त्या साली. सगळा पाडा खाली उतरून रस्त्याच्या कामावर खडी फोडत होता. मी मायकडून भाकरी बांधून घेतल्या, सायकल काढली आणि गेलो. खुमाबाबा खडीच्या ढिगाशी बसला होता, एका हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळून. मला ओळखायला त्याला वेळ लागला, मी ताडमाड वाढलो होतो. मग हसला आणि बसायला त्याचं पोतं दिलं.

मी सगळं सांगितलं. न थांबता, खडकापासून धुरापर्यंत. तो हातोडा मांडीवर ठेवून ऐकत होता. संपल्यावर त्याने मान हलवली, आणि ती मान नाही म्हणून हलली हे कळायला मला एक क्षण लागला. नाही, तो म्हणाला, तू दुपारची हाक काढायचास, ती खरी. पण लांब हाक तुला कुठून येईल, ती बापाकडून लेकाकडे येते. मी म्हणालो, बाबा, मला येत होती, मीच काढली. तो म्हणाला, मग काढ.

मी उभा राहिलो. छाती भरून घेतली. आणि घशातून जे निघालं ते रेडकू ओरडल्यासारखं निघालं. दीड वर्षापूर्वी माझा आवाज फुटला होता. मी परत काढली. परत. खडी फोडणाऱ्या बाया थांबून हसायला लागल्या, भायाची पोरं हसायला लागली, आणि खुमाबाबाही हसला, तसाच पोट धरून. मग त्याने माझा हात ओढून मला खाली बसवलं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते त्याने त्याच्या चिंधीच्या बोटांनी पुसलं.

"तू भला पोऱ्या शे," तो म्हणाला. "मनी चूक आंगवर लेवाले ऊना, इतला लांब. पन नको. तुना नाना बी मनाकरता कोर्टमा ऊना व्हता. आते बस व्हयनं. मना मनले मालूम शे ना, मी म्हतारा व्हयनू."

त्याची चूक मी माझ्या अंगावर घ्यायला आलो, असंच तो धरून चालला होता. मी शपथ घेतली. मायची, नानांची. तो मला समजावत राहिला, पोराला समजावतात तसा, आणि मी आणलेलं भाकरीचं गाठोडं सोडून अर्धी भाकर माझ्याच हातात दिली.

तेवढ्यात रस्त्याच्या कामावरचा मुकादम ओरडत आला. पाण्याचा टँकर लागला होता, आणि पाड्यातल्या दहा-बारा बाया पार टोकाला, नव्या भरावाच्या पलीकडे माती टाकत होत्या. तो खुमाबाबाला म्हणाला, म्हातारबा, तुझी माणसं आहेत, बोलाव त्यांना, नाही तर टँकर निघून जाईल. खुमाबाबाने हो म्हटलं. हातोडा बाजूला ठेवला, गुडघ्यावर हात देऊन उठला आणि चालायला लागला. शेजारी खडी फोडणारी भायाची बायको, म्हणजे खुमाबाबाची लेक, मान वर न करता मला म्हणाली, "बाबा हाक मारत नही आते. कोनले बी मारत नही."

ऊन भयंकर होतं. टँकरचं इंजिन चालूच होतं. खडीचे ढीग चुकवत, मध्ये दम खायला थांबत तो टोकापर्यंत गेला. तिथे तो एकेका बाईजवळ थांबत होता, वाकत होता, आणि तिच्या कानाशी काही सांगत होता. मी हातात भाकर धरून बघत होतो. शेवटची बाई वळून चालायला लागेपर्यंत टँकर निघून गेला होता.